शेजारच्या सीटवर

“पुलावरून खाली उतरलात. आता समोर काय?”

“खिडकी,” कॅशियर म्हणाले.

“खिडकीत काय ठेवलंय?”

“लिंबू.”

“लिंबू कापायचं कशानं?”

“सुरीनं.”

मास्तरांनी कपाळाला हात लावला. “घ्या! चला, गाडी परत पुलावर.”

“अहो, पण लिंबू सुरीनंच कापतात. कात्रीनं कोण कापतं?”

“तुमच्या घरी कशानं का कापेनात. परीक्षेतलं लिंबू कात्रीनंच कापायचं. विचित्र आहे म्हणूनच लक्षात राहतं. आणि कात्रीत काय अडकलंय?”

“लोकर.”

“शाब्बास. आता सलग.”

कॅशियरांनी डोळे मिटले. ओठ आधी नुसतेच हलले, मग आवाज आला. “पूल, खिडकी, लिंबू, कात्री, लोकर.”

“पास,” मास्तर म्हणाले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

ज्येष्ठांच्या केंद्रातल्या मोठ्या खोलीत, घडी करून उभ्या केलेल्या टेबल टेनिसच्या टेबलामागे हे चालले होते. टेबलाच्या पलीकडे खुर्चीवरच्या व्यायामाचा वर्ग रंगात आला होता. गोल करून बसलेली माणसे पायात रबरी पट्टे अडकवून ताणत होती, आणि ज्यांना बंद करायचे बटण नाही म्हणून सगळे ‘रेडिओकाकू’ म्हणत, त्या पट्टा ढिला सोडून शेजारणीला नातीच्या घोरण्याबद्दल सांगत होत्या. खिडकीपाशी रक्तदाब तपासायचे टेबल होते. आणि अगदी शेवटी, झाडू-बादल्या हलवून रिकामी केलेली एक छोटी खोली. तिच्या दाराला वरच्या अर्ध्यात काच होती. त्या खोलीत विद्यापीठातून आलेली एक तरुण मुलगी बसायची आणि एकेकाला आत बोलवायची.

केंद्राच्या फलकावर तिच्या कामाबद्दल सविस्तर लिहिले होते. वय वाढताना स्मरणशक्तीत काय फरक पडतो याचा अभ्यास. ज्यांना किंचित त्रास जाणवतोय त्यांच्यासाठी पुढे वर्षभराचा गट. त्यात व्यायाम, झोप, कानांची तपासणी, डॉक्टरांची देखरेख. भाग घेणे ऐच्छिक. पण ‘स्मरणशक्तीची चाचणी’ या पहिल्या ओळीपुढे कोणी वाचलेच नाही. चाचणी म्हटले की पास व्हायचे असते, एवढे या पिढीला शाळेपासून पक्के माहीत होते.

आत गेले की मुलगी पाच शब्द सांगायची. मग घड्याळाचे चित्र काढायला लावायची, प्राण्यांची नावे विचारायची, उलटे आकडे म्हणवून घ्यायची, आणि माणूस त्यात गुंतला की शांतपणे म्हणायची, “मघाचे पाच शब्द सांगाल?”

पहिल्या दिवशी रेडिओकाकू बाहेर आल्या त्या तीन शब्द बोलतच. चहाच्या रांगेत दुसऱ्या कोणी उरलेले दोन जोडले. मास्तर रांगेत मागे उभे होते. शब्द जुळले तसे त्यांच्या डोक्यात एक जुने इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झाले.

मास्तरांचे ड्रायव्हिंग स्कूल होते. एक खोली, एक फळा आणि दोन्ही बाजूंना पेडल असलेली एक गाडी. आयुष्यभर ते शेजारच्या सीटवर बसले. शिकणाऱ्याचा पाय पोचायच्या आत यांचा पाय ब्रेकवर पोचलेला असे. कोणाला कधी कळायचेही नाही. नवशिक्याला वाटे, आपणच थांबलो. आणि त्यांच्या शाळेची ख्याती अशी की तिथला माणूस लायसन्सच्या परीक्षेत नापास होत नाही. कारण साधे होते. परीक्षक कुठल्या रस्त्याने नेतो, कुठे गाडी मागे घ्यायला सांगतो, कुठल्या चढावर थांबवतो, हे मास्तरांना तोंडपाठ होते. ते पोरांना पहाटे त्याच रस्त्यावर घोटवून घेत. यात लबाडी आहे असे त्यांच्या मनाला कधी शिवले नाही. रस्ता ओळखीचा असला की माणूस घाबरत नाही, आणि घाबरला नाही की चुकत नाही, असा त्यांचा हिशेब.

एकच विद्यार्थिनी त्यांच्या हातून सुटली होती. त्यांची बायको. सात-आठ दिवस शिकली आणि एका सकाळी गाडी मध्येच कडेला घेऊन म्हणाली, “अहो, गाडी मी चालवतेय की तुम्ही?” त्यानंतर ती सरळ समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली, फी भरली आणि पहिल्या फटक्यात लायसन्स घेऊन आली. मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. पण धंदा बंद केल्यावर घरची गाडी तीच चालवू लागली. “मला शेजारी बसायचीच सवय,” मास्तर लोकांना सांगत. हे खरेही होते. त्यांचा उजवा पाय मात्र अजून रिकाम्या चटईवर दाबला जायचा.

बायको नर्स होती. लहान मुलांच्या लसीकरण विभागात तिची सगळी नोकरी गेली. केंद्रात तिला सगळे ‘सिस्टर’च म्हणत. तिच्याबद्दल एक गोष्ट अजूनही सांगितली जायची. इतर नर्स पोरांना “दुखणार नाही हं” म्हणत सुई टोचायच्या. सिस्टर पोराच्या डोळ्यांत बघून सांगायच्या, “दुखेल. मुंगी चावल्यासारखं. मग संपेल.” पोरे रडायची, पण पुढच्या वेळी त्यांच्याच रांगेत उभी राहायची.

गेल्या काही महिन्यांत मास्तरांना थोडे-थोडे दिसू लागले होते. थर्मामीटर पेनांच्या भांड्यात सापडला. ओळखीच्या दुकानदाराला तिने “तो आपला… तो” म्हटले. एका संध्याकाळी तिने लेकीला फोन करून जिन्यातला दिवा बदलल्याचे सांगितले आणि तासाभराने पुन्हा फोन करून तेच सांगितले. लेकीने दोन्ही वेळा “हो का? बरं झालं,” म्हटले. दुसऱ्या वेळचे ते “हो का” मास्तरांना स्पीकरवर ऐकू आले.

म्हणून मग, तिची चाचणीची वेळ ठरल्यावर, ते रोज संध्याकाळी फिरताना एक गंमत सांगू लागले. चाचणीचे नावही न काढता. “समज, आपण पुलावरून खाली उतरलो. समोर एक खिडकी…” ती हसायची. “लिंबू कात्रीनं? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?” रोज हसायची. रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची, हे मास्तरांच्या लक्षात आले होते, पण त्यांनी ते स्वतःला पुरते कळू दिले नव्हते.

मागच्या आठवड्यात तिची चाचणी झाली. पाचही शब्द बरोबर आले. येताना गाडीत ती गप्प होती. दमली असेल, मास्तरांना वाटले. ते स्वतः इतके खूश होते की वाटेत त्यांनी एकदाही चटई दाबली नाही.

आता कॅशियर आत गेले. मास्तर काचेतून दिसेल अशा बेताने व्यायामाच्या गोलाच्या कडेला उभे राहिले. मुलीने हसून नमस्कार केला. कॅशियर ताठ बसले. मुलीने काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात कॅशियरांचे तोंड उघडले. एकदा, दोनदा, पाच वेळा.

मुलीचे हसू जिथल्या तिथे थांबले.

थोड्याच वेळात ती बाहेर आली. मागून कॅशियर. त्यांचे कान लाल झाले होते.

“मी अजून शब्द सांगितलेच नव्हते,” ती व्यवस्थापकबाईंना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण खोलीतले रबरी पट्टे एकेक करून ढिले झाले. “काकांनी सगळे आधीच म्हणून दाखवले. क्रमाने.”

“पाठांतर चांगलं आहे त्यांचं,” रेडिओकाकू म्हणाल्या.

“तेच तर. या केंद्रात सगळ्यांचंच फार चांगलं आहे.” मुलीने सगळ्यांकडे पाहिले. “मला वाटत होतं, इथल्या व्यायामाचा गुण असेल. मी आमच्या मॅडमना तसं कळवलंही. कोणी शिकवलं हे?”

सगळ्यांनी नेमके टेबल टेनिसच्या टेबलाकडे पाहिले, जणू त्यानेच शिकवले असावे.

“मी कोणावर रागावणार नाहीये,” मुलगी म्हणाली. “पण आत्तापर्यंतचं इथलं काहीच मला वापरता येणार नाही. मॅडमना विचारावं लागेल. कदाचित काम दुसऱ्या केंद्रात हलवतील.”

ती गेल्यावर व्यवस्थापकबाई मटकन खुर्चीत बसल्या. “रक्तदाबाचं यंत्र त्यांचं. व्यायाम घेणारी बाई त्यांची. कान तपासायला येणार होते ते त्यांचे. आता बसा पत्ते कुटत.”

मास्तरांनी घसा साफ केला. मग पाणी प्यायले. आणि काही न बोलता घरी आले.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर सिस्टर टेबलाशी बसून राहिल्या. ताटे तशीच होती. हे त्यांच्या स्वभावात नव्हते.

“अहो, एक विचारते. खरं सांगाल?”

“विचार की.”

“मी ती चाचणी याआधी कधी दिली होती का?”

“नाही. का गं?”

“नीट आठवून सांगा.” त्यांनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले होते, सुईआधी पोराचा दंड धरावा तसे. “त्या मुलीनं ‘पूल’ म्हटलं आणि पुढचे चार शब्द मला ती बोलायच्या आत ऐकू आले. मला ते माहीत होते. कुठून माहीत होते, ते माहीत नाही. आठवडाभर मी यावरच विचार करतेय. एकच उत्तर येतं. मी तिथे आधी जाऊन आलेय, तशीच बसलेय, तेच शब्द ऐकलेत. आणि जाऊन आल्याचं पार पुसलं गेलंय.”

मास्तरांनी हातातला पेला खाली ठेवला.

“थर्मामीटरचं मला कळतंय,” त्या म्हणाल्या. “नावं अडतात तेही कळतं. पण एक अख्खी सकाळच्या सकाळ जात असेल, तर गोष्ट मला वाटली त्यापेक्षा बरीच पुढे गेलीय. मग मला काही ठरवायला हवं. लवकर. म्हणून विचारतेय.”

आता फक्त ‘काहीतरीच काय, योगायोग असेल’ एवढे म्हणायचे होते. पेडल पायाखालीच होते. मास्तरांना ते अगदी स्पष्ट जाणवले.

“मी सांगितले ते शब्द,” ते म्हणाले.

“कधी?”

“रोज. फिरताना. पुलावरून उतरलो, खिडकी, खिडकीत लिंबू… तू हसायचीस.”

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मास्तरांनी त्या चेहऱ्यात ओळख शोधली. फिरण्याचा रस्ता, बाकडे, तिचे हसणे. त्यांना नीट दिसत होते ते तिच्याकडे नव्हते. शब्द राहिले होते. सांगणारा राहिला नव्हता.

“रोज?” त्यांनी विचारले.

“रोज.”

सिस्टर उठल्या. ताटे उचलली, बेसिनमध्ये ठेवली, नळ सोडला आणि बंद केला. मग तिथूनच, पाठमोऱ्या, हसू लागल्या. मास्तर घाबरले.

“अहो, आठ रात्री मी छताकडे बघत काढल्या,” त्या वळून म्हणाल्या. “मला वाटलं माझं डोकं गेलं. गेलंय ते तुमचं!”

“अगं, मला वाटलं…”

“काय वाटलं? मी नापास होईन?”

मास्तर टेबलावर सांडलेली शिते वेचू लागले.

“मी तिथे पास व्हायला गेले नव्हते. मला तपासून घ्यायचं होतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना खरं सांगितलं, आणि माझ्या वेळेला घरातल्याच माणसानं ‘दुखणार नाही’ म्हणून पाठीमागून सुई टोचली?”

“घाबरलो होतो गं.”

“मग तसं म्हणायचं. चार वर्षांची पोरं म्हणायची.” त्यांनी हात पदराला पुसले आणि पुन्हा समोर येऊन बसल्या. राग होता, पण आवाज स्थिर झाला होता, आठवडाभरात पहिल्यांदा. “पाय काढा तुमचा माझ्या पेडलवरून. समोरच्या गल्लीतला मास्तर परवडला होता.”

“त्याचं नाव काढू नकोस.”

“काढणार. त्यानं मला एकदा नाल्यात जाऊ दिलं होतं. दोन चाकं आत. म्हणाला, आता काढा बाहेर. तेव्हा आली मला गाडी.”

हे ती कधीच बोलली नव्हती. मास्तरांनी आठवून पाहिले, आणि मग लक्षात आले, की हे त्यांच्या विसरण्यातले नव्हे. तिने ते सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी व्यायामाचा वर्ग संपता संपता मास्तर गोलाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मुलगी आपले सामान खोक्यात भरत होती.

“थांब, पोरी. ते शब्द मी शिकवले. सगळ्यांना. कॅशियरांचा काही दोष नाही.”

“दोष कसा नाही?” रेडिओकाकू म्हणाल्या. “विचारायच्या आधी बोलायला कोणी सांगितलं होतं? बाकीच्यांनी कसं थांबून, जरा आठवल्यासारखं करून सांगितलं!”

“काकू!” मुलगी म्हणाली.

“हो मग. मध्ये ‘अंऽऽ’ करायचं, हे तर मीच शिकवलं.”

हशा झाला. कॅशियरही हसले, पण त्यांच्या मनात वेगळेच चालले होते. “म्हणजे आमचे मार्क गेले का?”

“काका, मार्क नव्हतेच मुळी,” मुलगी म्हणाली. तिने हातातले खोके खाली ठेवले. ती वाद घालत नव्हती; एखादी गोष्ट समोरच्याला खरोखर कळावी अशा रीतीने बोलत होती. “तुम्ही सगळे मला तुमची बरोबर उत्तरं देताय. मला तुमच्या चुकाही हव्यात. कोण कुठे अडखळतं, किती अडखळतं, त्यातूनच कळणार, कोणाला कशाची मदत लागेल. तुम्ही चुका लपवल्यात तर माझ्याकडे नुसता कागद उरतो. आणि ज्याला मदत हवी होती तो घरी जातो.”

शेवटचे वाक्य कोणाला उद्देशून नव्हते. मास्तरांना मात्र ते नेमके लागले.

“लायसन्सच्या परीक्षेसारखं वाटलं मला,” ते म्हणाले. “तिथे चुकलं की बाहेर काढतात.”

“इथे चुकलं की आत घेतात,” मुलगी म्हणाली, आणि आपणच म्हटलेले तिला पटून थोडी हसली. “मॅडमशी बोलले मी काल. शब्दांचे दुसरे संच असतात आमच्याकडे. काही आठवडे जाऊ देऊ, मग पुन्हा करू. पण जे झालं ते मला नोंदवावं लागेल. आणि एक अट. आतलं बाहेर आणायचं नाही.”

“ती अट यांना घाला,” कॅशियर रेडिओकाकूंकडे बोट दाखवत म्हणाले. “यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

“यांना शेवटी बोलवणार आहे,” मुलगी म्हणाली.

सगळे पांगल्यावर मास्तर तिच्याजवळ गेले. “माझी बायको. सिस्टर. तिला आधीच घेता आलं तर… आणि निकाल जरा मला आधी…”

“नाही,” मुलगी हळूच म्हणाली. “त्यांचा निकाल मी त्यांना सांगेन. तुम्हाला सांगायचं की नाही, ते त्या ठरवतील.”

मास्तरांनी मान हलवली.

त्या मधल्या आठवड्यांत ते रोज फिरायला गेले. मास्तरांना बोलायला विषय सुचेना. पूल नाही, खिडकी नाही. दोघे रस्त्यावरची झाडे बघत चालायचे. एकदा सिस्टरनी विचारले, “आज कोणता वार?” मास्तरांच्या ओठांवर उत्तर आले होते. त्यांनी ते जिभेखाली धरून ठेवले. दहा-बारा पावले गेल्यावर त्याच म्हणाल्या, “बुधवार. भाजीवाल्याचा पडदा अर्धा ओढलेला होता; बुधवारी तो अर्धाच दिवस दुकान चालवतो.” आणि विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिले. नवऱ्याचे मौन त्यांना कळले होते आणि आवडलेही होते.

चाचणीच्या दिवशी गाडी सिस्टरनीच आणली. केंद्रापाशी वळताना मास्तरांनी नेहमीच्या वळणावर चटई दाबली.

“दिसतंय मला,” त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

आत जाताना त्यांनी पर्स मास्तरांच्या मांडीवर ठेवली. “बसा इथे. आणि काचेतून खुणा करायच्या नाहीत.”

“मला शब्द माहीत असते तर केल्या असत्या ना.”

“तेही खरंच.”

दार लागले. काचेतून सिस्टरची पाठ दिसत होती, आणि मुलीचा अर्धा चेहरा. मुलीचे ओठ हलले, थांबत थांबत. पाच वेळा. मास्तरांना त्यातले काहीच कळले नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते परीक्षेच्या बाहेर बसले होते आणि रस्ता त्यांना ठाऊक नव्हता.

घड्याळ झाले, सिस्टरचा कोपर गोल फिरला, मग कागदावर दोनदा टेकला. प्राणी झाले असावेत, कारण मुलगी मध्येच खळखळून हसली. आकडे झाले. मग मुलीने हात टेबलावर ठेवले आणि काही विचारले.

सिस्टरची पाठ हलली नाही.

व्यायामाच्या वर्गात गाणे लागले होते. मास्तरांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला होता, इतका की पोटरीत गोळा आला. त्यांनी खाली पाहिले. समोर काही आडवे आले नव्हते. कोणाला काही लागणार नव्हते. तिथे फक्त एक बाई बसली होती आणि आठवत होती. त्यांनी पाय उचलला, खुर्चीखाली घेतला आणि दुसऱ्या पायाने अडकवून ठेवला.

पाठ अजून तशीच होती. मग खांदे थोडे खाली आले, हाताने एक छोटीशी हालचाल केली. झाले तेवढे, अशी.

सिस्टर बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. मुलगी दारापर्यंत आली होती. त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “छान सांगितलंस. आडपडदा न ठेवता. अशीच राहा.” मग पर्स घेतली आणि दाराकडे चालू लागल्या. मास्तर मागून.

पायऱ्यांवर त्या थांबल्या.

“दोन,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी वाट पाहिली.

“पाचांतले दोन आठवले. घड्याळाचे काटे चुकले. प्राणी मात्र भरपूर सांगितले, एक तर तिला माहीतच नव्हता.” त्यांनी श्वास घेतला. “वर्षभराच्या गटात नाव घातलंय. पुढच्या आठवड्यात डॉक्टर बघणार आहेत, रक्त, कान, सगळं. तिनं सांगितलं, यानं बरं होईल असं कोणी म्हणत नाही. काय होतंय ते लवकर कळेल, आणि हातात जे आहे ते नीट वापरता येईल. मी म्हटलं, चालेल. सोबतीला घरचं एक माणूस लागतं. याल?”

“येणार ना.”

“मागे बसायचं. मध्ये बोलायचं नाही.”

“नाही बोलणार.” थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, “कोणते दोन?”

“ते नाही सांगणार. परवा कॅशियरांची पाळी आहे.”

मास्तरांना हसू आले, आणि त्या हसण्याच्या आतून दुसरेच काही वर येऊ लागले. त्यांनी नाक शिंकरल्यासारखे केले. तिच्या सुटलेल्या तीन शब्दांपैकी त्यांच्याकडे एकही नव्हता. मागितला असता तरी देता आला नसता.

गाडीपाशी सिस्टरनी पर्समधून किल्ली काढली. दार उघडायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मग गाडीला वळसा घालून त्या मास्तरांच्या बाजूला आल्या आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

“अगं, तुला कोणी नको म्हटलंय का?”

“नाही. मी म्हणतेय. डॉक्टर बघेपर्यंत. नंतर ते म्हणाले ‘चालवा’, तर परत घेईन, सोडणार नाही.” त्यांनी शेजारच्या सीटचे दार उघडले. “पण रस्त्यावर लोकांची पोरं असतात.”

मास्तर दुसऱ्या बाजूने आत बसले. गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट तिच्या मापाची होती, पार पुढे ओढलेली. त्यांनी खालची दांडी शोधली, सापडेना.

“डाव्या हाताला. वर उचला.”

सीट खडकन मागे गेली. त्यांनी पट्टा लावला, किल्ली फिरवली. आणि थांबले. हजारो माणसांना त्यांनी पहिला धडा एकच दिला होता: गाडी हलवायच्या आधी आरसा. आरशात त्यांना रस्ता दिसत नव्हता. गाडीचे छत दिसत होते, आणि कोपऱ्यात तिच्या कपाळावरचे केस. आरसा तिच्या नजरेला लावलेला होता, किती तरी वर्षे. मास्तरांनी हात वर नेला आणि तो अर्ध्यावरच थांबला.

“काय झालं?” सिस्टरनी विचारले. मग त्यांनी मास्तरांच्या नजरेच्या दिशेने पाहिले.

त्यांनी स्वतःच हात लांब केला, आरसा दोन बोटांत धरला आणि हळूहळू मास्तरांच्या बाजूला फिरवला. छत सरकले, केस सरकले, काचेत मागचा रस्ता आला.

“दिसतंय आता?”

“थोडा खाली.”

त्यांनी तो थोडा खाली केला.